कासवाला जोडी हवी का?



पूर ओसरला की आमच्या शिरोळ तालुक्यात कासवं दिसायला लागतात. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. पावसाळ्यात दोन्ही फुगल्या की पाणी मळ्यात शिरतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तर इथलं कुणीच विसरणार नाही. पाणी उतरल्यावर उसाच्या सरीत नाहीतर विहिरीच्या कठड्याशी एखादं कासव अडकलेलं सापडतं. पोरं ते उचलून घरी आणतात. आज्जी म्हणते, "मारू नका रे, हौदात सोडा." कासव हौदात जातं आणि तिथंच राहतं.

पुढं कुणीतरी शहरातून काचेच्या पेटीतलं हिरवं इटुकलं कासव आणतं. त्याच्या कानामागं तांबडी पट्टी असते. एखाद्या घरी पाठीवर चांदण्या असलेलं कासव येतं, लक्ष्मी येते म्हणून कुणीतरी गुपचूप विकलेलं. मग बायकांच्या स्वाध्यायात हमखास प्रश्न निघतो, "अक्का, एकटंच असतंय बिचारं. आणखी एक-दोन आणून त्याच हौदात सोडली तर त्याला जोडी होईल, आणि आपल्याला जीवदयेचं पुण्य."

प्रश्न मायेपोटी येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. त्यासाठी मी इतिहासात थोडं मागं गेले. कासव आणि माणूस यांचा सहवास फार जुना आहे, आणि वेगवेगळ्या जातींची कासवं एका कुंपणात ठेवल्यावर काय झालं याच्या नोंदीही आहेत. त्या वाचून माझं मत पक्कं झालं की वेगळ्या जातीची कासवं एकत्र कोंडण्यात दया नाही. त्यांना वेगळं ठेवणं, आणि शक्य असेल तर मुळात न ठेवणं, हीच दया आहे. हे कसं ते क्रमानं सांगते.

एकच शब्द, अनेक जीव

पहिला घोटाळा आपल्या भाषेतच आहे. मराठीत सगळ्यांना 'कासव'. समुद्रातलं कासव, नदीतलं कासव, माळावरचंही कासवच. शब्द एक म्हणून जीवही एक, असं मनात बसतं. गाय आणि म्हैस एका गोठ्यात बांधतो, पण त्यांना नावं तरी दोन आहेत. कासवाच्या बाबतीत तेवढंही नाही.

आपल्या कृष्णेच्याच खोऱ्यात किती प्रकार आहेत पाहा. एक मऊ पाठीचं मोठं कासव, ज्याला शास्त्रज्ञ लिथचं कासव म्हणतात. मुंबईतल्या लिथ नावाच्या डॉक्टरवरून १८७२ साली ते नाव पडलं. हे फक्त भारताच्या द्वीपकल्पातल्या नद्यांत सापडतं आणि आज नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. दुसरं त्याहून लहान, तेही मऊ पाठीचं. त्याच्या पोटाच्या बाजूला झडपा असतात आणि पाय आत घेतले की त्या मिटतात. तिसरं काळसर, टणक पाठीचं. तिघंही पाण्यातली, पण खाणं आणि स्वभाव निरनिराळे. पाठीवर चांदण्या असलेलं तारांकित कासव तर पाण्यातलं नाहीच. ते गुजरात-राजस्थानकडच्या, आंध्र-तामिळनाडूच्या आणि श्रीलंकेच्या कोरड्या झुडपी माळावरचं, गवत-पाला खाणारं. तांबड्या पट्टीचं कासव तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या मुलखातून जगभर विकलं गेलेलं.

आपल्या पूर्वजांना हा फरक ठाऊक होता. सम्राट अशोकानं राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर एक आज्ञा स्तंभांवर कोरून घेतली. कोणकोणते प्राणी मारायचे नाहीत याची तीत यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ, साळिंदर, खार अशी नावं येतात. त्या यादीत कासवाच्या अर्थाचे दोन वेगळे शब्द वेगवेगळ्या जागी आले आहेत. बहुतेक अनुवादांत त्यांचा अर्थ कासवांचे दोन प्रकार असाच केला जातो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ज्यानं ही यादी केली, त्याला सगळ्यांना मिळून 'कासव' म्हणून भागवायचं नव्हतं. एका जिवाला दुसऱ्या जिवावर पोसू नये, असंही त्याच आज्ञेत सांगितलं आहे. आपल्याशी त्याचा संबंध पुढं येईल.

आपल्या धर्मातलं कासव

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ भगवंतांचं लांछन कासव आहे हे पाठशाळेतलं पोरही सांगेल. पैठणच्या अतिशय क्षेत्रात त्यांची श्यामवर्णी वालुकामय मूर्ती आहे आणि शनी अमावास्येला तिथं मोठी गर्दी होते. लांछन आहे म्हणून घरात कासव ठेवावं असं मात्र कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. ऋषभदेवांचं लांछन बैल, अजितनाथांचं हत्ती, महावीरांचं सिंह. म्हणून सिंह कुणी परसात बांधत नाही!

श्वेतांबर परंपरेच्या ज्ञाताधर्मकथा या आगमात चौथं अध्ययन कासवांवर आहे. गोष्ट थोडक्यात अशी. वाराणसीजवळच्या डोहातून संध्याकाळी दोन कासवं बाहेर येतात. दोन कोल्ही त्यांच्यावर टपतात. दोन्ही कासवं पाय आणि मान आत ओढून घेतात. कोल्ही हलवतात, उलटंपालटं करतात, काही चालत नाही. मग ती आडोशाला लपून वाट बघतात. एका कासवाला धीर निघत नाही, ते एक पाय बाहेर काढतं आणि जीव गमावतं. दुसरं तसंच दबून राहतं, कोल्ही खरोखर गेल्याची खात्री करतं आणि मग झपाट्यानं डोह गाठतं. इंद्रियसंयमाचा हा दृष्टांत आहे.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कासवाचा बचाव म्हणजे गप्प राहणं. ते ओरडत नाही, चावा घेऊन पळत नाही, आत मिटतं. म्हणून त्याला त्रास होतोय हे आपल्या लक्षातच येत नाही. गलबतांवरच्या खलाशांनी याच गुणाचा फायदा घेतला. एकोणिसाव्या शतकात देवमासे मारणारी जहाजं गलापागोस बेटांवरून राक्षसी कासवं उचलत आणि तळघरात रचून ठेवत. अन्नपाण्याशिवाय ती कित्येक महिने जिवंत राहत, आणि लागतील तशी कापली जात. महिनोन् महिने उपाशी राहून जो जीव कण्हत नाही, तो आपल्या हौदात 'मजेत आहे' असं कशावरून म्हणायचं?

सुरतेचं म्हातारं कासव

आता पांजरपोळाकडं येऊ. कोल्हापुरात पांजरपोळ हे एका भागाचं नावच आहे, इतका हा शब्द आपल्या अंगवळणी पडला आहे. पण ही संस्था किती जुनी आणि किती विचारानं उभी राहिली याची आपल्याला कल्पना नसते.

१६२३ साली पिएत्रो देला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी खंबायतला आला. तिथं त्यानं पक्ष्यांचं रुग्णालय पाहिलं. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा, नाकावर चष्मा, कापसात ठेवलेल्या पोरक्या उंदरांच्या पिल्लांना पिसानं दूध पाजत होता, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. शेळ्या-मेंढ्यांसाठी जागा निराळी होती आणि गाई-वासरांसाठी निराळी.

पुढं जेम्स फोर्ब्स हा कंपनी सरकारचा नोकर १७६६ ते १७८४ या काळात पश्चिम भारतात होता. त्याचे ग्रंथ १८१३ साली छापले गेले. सुरतेला बनिया लोकांनी, म्हणजे जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी चालवलेल्या प्राण्यांच्या रुग्णालयाचं वर्णन त्यानं केलं आहे. उंच भिंतीचं मोठं आवार, आणि आत वेगवेगळे चौक पाडलेले. घोडे, खेचरं, बैल, शेळ्या-मेंढ्या, माकडं, कोंबड्या, कबुतरं असे जीव तिथं होते. आणि एक म्हातारं कासव. ते ७५ वर्षांपासून तिथं आहे असं त्याला सांगण्यात आलं.

हिशोब केला तर ते कासव १६९१ ते १७०९ च्या दरम्यान कधीतरी तिथं आलं असणार. औरंगजेबाची फौज आपल्या दख्खनेत तळ देऊन होती, साधारण तोच काळ. साम्राज्यं बदलली, सुरतेवर इंग्रज आले, पण त्या कासवाला पाणी आणि पाला देणारे हात थांबले नाहीत. तीन पिढ्यांनी एका मुक्या जिवाची सेवा केली. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

त्यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे, दया सगळ्यांवर सारखी असली तरी सगळ्यांना एका खोलीत कोंडलेलं नव्हतं. चौक वेगळे होते. ज्यांनी एवढी मोठी संस्था चालवली त्यांना कळत होतं की माकड आणि कबूतर एकत्र ठेवलं तर एकाची दया दुसऱ्याची हिंसा होते. दुसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. त्या कासवाची जात कोणती, ते कुठून आलं, त्याचं मूळ घर माळावर होतं की पाण्यात, हे त्या वर्णनात नाही. त्याला आयुष्य मिळालं, पण त्याची ओळख कुणी लिहून ठेवली नाही.

मुंबईचं पांजरपोळ १८३४ साली सुरू झालं. सर जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्याबरोबरच्या व्यापाऱ्यांनी ते उभारलं. त्याआधी दोनच वर्षं, १८३२ साली, मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून मुंबईत दंगल झाली होती. तेव्हापासून आपल्या पांजरपोळांचा मुख्य भर गाई-बैल आणि अशाच जनावरांवर राहिला. त्यांचं खाणंपिणं, दुखणं आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कासवाचं तसं नाही.

एकट्या जॉर्जची गोष्ट

"पण एकटं राहणं म्हणजे दुःखच की," असं कुणी म्हणेल. या वाक्यावर जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण गलापागोसमधल्या एका कासवाचं आहे.

तिथल्या प्रत्येक मोठ्या बेटावर कासवाची आपापली वेगळी जात. पिंटा नावाच्या बेटावरची जात खलाशांनी जवळजवळ संपवली. त्यात १९५९ साली तिथं तीन बोकड-शेळ्या सोडल्या गेल्या, त्यांची हजारो झाली आणि बेटावरचा पाला संपला. १ नोव्हेंबर १९७१ ला गोगलगायींचा अभ्यास करायला गेलेल्या एका शास्त्रज्ञाला पिंटावर एक नर कासव दिसला. पुढच्या वर्षी त्याला सांताक्रूझ बेटावरच्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात आणलं. त्याच्या जातीचं दुसरं कुणीच सापडलं नाही. जगानं त्याचं नाव ठेवलं 'एकटा जॉर्ज'.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या कुंपणात इसाबेला बेटावरच्या वुल्फ ज्वालामुखीच्या दोन माद्या सोडल्या. दिसायला जवळच्या, पण जात वेगळी. वर्षांमागून वर्षं गेली. २००८ साली अंडी मिळाली तेव्हा सगळ्या जगात बातमी झाली. अंडी उबवली, पण त्यांतून काहीच निघालं नाही. २००९ लाही तेच झालं. दरम्यान जनुकांच्या अभ्यासातून कळलं होतं की जॉर्जचं जवळचं नातं एस्पान्योला बेटावरच्या कासवांशी आहे. २०११ मध्ये तिथल्या माद्या आणल्या. तोवर उशीर झाला होता. २४ जून २०१२ ला जॉर्ज गेला आणि पिंटाची जात त्याच्याबरोबर गेली.

आता त्याच एस्पान्योलाची गोष्ट ऐका. १९६० च्या दशकात त्या बेटावर १४ कासवं उरली होती, १२ माद्या आणि २ नर. सगळी केंद्रात आणली. अमेरिकेच्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयात त्याच जातीचा आणखी एक नर होता, तो १९७७ च्या सुमारास परत आणला. या १५ जणांना इतर बेटांच्या कासवांत मिसळू दिलं नाही. त्यांची पिल्लं वाढवून सुमारे २,००० कासवं बेटावर पोचली. जून २०२० मध्ये ती १५ म्हातारी कासवंही आपल्या बेटावर परत गेली.

मिश्र कासवांचं काय झालं तेही सांगते. लोकांनी घरोघरी पाळलेली, वेगवेगळ्या बेटांच्या कासवांचं रक्त मिसळलेली बरीच कासवं तिथं होती. २०१० साली त्यांतली ३९ पिंटा बेटावर सोडली, कारण झाडोरा ताब्यात ठेवायला बेटाला कासवं हवीच होती. पण सोडण्याआधी त्यांची प्रजा होणार नाही अशी शस्त्रक्रिया करावी लागली. लोकांच्या घरी झालेल्या सरमिसळीची किंमत त्या मुक्या जिवांनी मोजली.

न दिसणारी हिंसा

तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठं पिल्लं काढायची आहेत? नुसती सोबत हवी. नुसत्या सोबतीनं काय होतं तेही तपासलेलं आहे.

फ्रान्समध्ये काडी आणि जोली या दोन संशोधकांनी तिथली देशी तळ्यातली कासवं आणि तांबड्या पट्टीची परदेशी कासवं एकत्र ठेवून पाहिली. २००३ आणि २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारामारी फारशी नव्हती. पण उन्हाला बसायच्या चांगल्या जागा परदेशी कासवांनी घेतल्या आणि देशी कासवं कमी प्रतीच्या जागेवर सरकली. कासवाचं रक्त थंड. ऊन मिळालं नाही तर त्याला खाल्लेलं पचतही नाही. मिश्र गटातल्या देशी कासवांचं वजन घटलं आणि त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. बाहेरून बघणाऱ्याला मात्र सगळी कासवं एका तळ्यात गुण्यागोविंदानं बसलेलीच दिसली असती.

दुसरी गोष्ट रोगाची. युरोपात भूमध्य सागराकाठची दोन जातींची कासवं लोक हौसेनं एकत्र पाळत. त्यांतल्या एका जातीच्या अंगात नागिणीच्या कुळातला विषाणू असतो, पण तिला तो बहुधा फारसा बाधत नाही. दुसऱ्या जातीला तोच विषाणू लागला की तोंडात फोड येतात, खाणं सुटतं आणि पुष्कळ कासवं मरतात. वर्षानुवर्षं निरोगी दिसणारं कासव शेजाऱ्याच्या मरणाचं कारण होऊ शकतं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या कासवांत श्वासाचा रोग पसरला तेव्हाही घरी पाळून पुन्हा रानात सोडलेल्या कासवांवर संशय गेला. त्या कासवांना १९९० साली संकटग्रस्त जाहीर करावं लागलं.

आणि आपलीही काळजी आहेच. कासवांच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असतात. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

हाजोचं तळं आणि समवसरण

याच्या उलट एक उदाहरण आहे, तेही सांगायला हवं. आसामात गुवाहाटीजवळ हाजोला हयग्रीव माधवाचं मंदिर आहे. त्याच्या तळ्यात मऊ पाठीच्या कासवांच्या एकाहून जास्त जाती पिढ्यान् पिढ्या एकत्र राहत आल्या आहेत. त्यांतलं काळं कासव २००२ साली रानातून नामशेष झालं असं जाहीर झालं होतं. तेव्हा ते आसामातल्या आणि बांगलादेशातल्या देवस्थानांच्या तळ्यांत भाविकांच्या श्रद्धेमुळं टिकून होतं. पुढं ते नदीतही सापडलं. आता मंदिराच्या तळ्यातली अंडी गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात उबवून पिल्लं रानात सोडतात.

मग हाजोला चालतं ते आपल्या हौदात का नाही? तिथली कासवं एकाच ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली. हजारो वर्षांची शेजारी, एकच हवा, एकच पाणी. तळंही मोठं. आणि तिथंसुद्धा काठ सिमेंटनं बांधल्यावर अंडी घालायला मातीच उरली नाही, म्हणून माणसांना मधे पडावं लागलं. आपल्या कृष्णेतही तीन-चार जाती एकत्र राहतात. पण नदीत दुबळ्याला बाजूला जायला वाट असते. एक दगड मिळाला नाही तर पुढचा असतो. हौदाला चार भिंती असतात.

कुणी समवसरणाचा दाखला देतं. तिथं वाघ-गाय, साप-मुंगूस वैर विसरून बसतात ना? बसतात, पण तो भगवंतांच्या उपस्थितीचा अतिशय आहे, आपल्या परसातल्या टाकीचा नव्हे. तिथं तिर्यंच आपणहून येतात, धर्म ऐकतात, परत जातात. त्यांना कुणी धरून आणलेलं नसतं. आणि समवसरणातही बारा सभा वेगवेगळ्या आहेत, ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. तिथली समता म्हणजे सरमिसळ नाही.

मग आपण काय करायचं?

दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचं स्थान दिलं आहे. ज्याला जीव कोणता, अजीव कोणता हे माहीत नाही तो संयम कसा पाळणार, असा त्याचा आशय. कासव पंचेंद्रिय जीव आहे एवढं आपल्याला माहीत असतं. ते कोणतं कासव, हे पुढचं पाऊल टाकायचं राहतं. म्हणून घरच्या घरी करता येतील अशा गोष्टी सांगते.

पुरात सापडलेलं कासव धडधाकट असेल तर घरी आणू नका. पाणी उतरल्यावर जिथं सापडलं तिथल्याच जवळच्या नदीकाठी, शांत जागी सोडा. जखमी असेल तर ओलसर पोत्यावर, झाकलेल्या टोपल्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पाठीवर चांदण्या असलेलं कासव विकत घेऊ नका, कुणी दिलं तरी ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बाळगणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सगळ्यात कडक बंदी आहे. नदीतल्या देशी कासवांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. घरात असेल तर वनविभागाकडं द्या. 'जीव सोडवला' म्हणून त्याला विहिरीत मात्र टाकू नका. ते जमिनीवरचं आहे, खोल पाण्यात बुडून मरतं.

तांबड्या पट्टीचं कासव आधीच घरात असेल तर त्याला नदीत, तळ्यात, मंदिराच्या पुष्करणीत सोडू नका. फ्रान्समध्ये जे झालं ते आपल्या कृष्णेत व्हायला नको. त्याला एकटंच ठेवा. स्वच्छ पाणी, अंग कोरडं करायला उंच दगड आणि सकाळचं ऊन द्या. हात लावल्यावर पोरांचे हात साबणानं धुवा. त्याला जोडी म्हणून देशी कासव आणू नका. ते एकटं आहे हे दुःख आपल्याला वाटतं. त्याला लागतं ते ऊन, पाणी आणि निवांतपणा.

आणि अजून आणलं नसेल तर आणूच नका. आपण सगळ्यांना एकच भाकरी-भात घालतो, पण पाण्यातल्या बहुतेक कासवांची पिल्लं किडे, मासे, बेडकाची पिल्लं खातात. अशोकाच्या त्या आज्ञेसारखीच ही अडचण आपल्या चौक्यात उभी राहते. एक जीव पाळायचा म्हणून रोज दुसरे जीव आणून घालायचे, की त्याला भातावर ठेवून हळूहळू मारायचं? आपल्या घरात या प्रश्नाला चांगलं उत्तर नाही. दुकानातून एक कासव 'सोडवलं' की दुकानदार त्या जागी दुसरं मागवतो, हेही आहेच.

येत्या दशलक्षण पर्वात जीवदयेसाठी काही द्यायचं मनात असेल तर पाठशाळेतल्या मुलांना एक दिवस नदीकाठी न्या. नृसिंहवाडीच्या घाटापासून जरा लांब, निवांत जागी, दुरून बसून कासव कसं वर येतं, कुठल्या दगडावर बसतं, चाहूल लागताच कसं पाण्यात सरकतं ते दाखवा. काळं कोणतं आणि मऊ पाठीचं कोणतं, हे ओळखायला मुलं तासाभरात शिकतात. आमच्या इथली मुलं शिकली. आता पूर ओसरल्यावर कासव सापडलं की हौदाकडं न्यायच्या आधी त्यांच्यातलं कुणीतरी विचारतं, "हे कुठलं आहे?"